विषम सालं

दर एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी आमच्या गावच्या अग्निशमन दलाचे दोन्ही बंब अंगणात काढून उभे करतात, आतल्या फरशीवरचे तेलाचे डाग भुसा टाकून पुसतात आणि त्या हॉलमध्ये नाणी जमवणाऱ्यांचा मेळा भरतो. चांदीच्या डॉलरवाल्यांची टेबलं दाराशी, कारण गिऱ्हाईक आत आलं की पहिलं तिथेच चिकटतं. मग सोनेवाले, मग जुन्या पेन्या, म्हणजे एक सेंटची नाणी, विकणारे. आणि सगळ्यात शेवटी, स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराला लागून, जिथे दलातल्या लोकांच्या बायका चिकन-मक्याचं सूप ढवळत असतात आणि दार उघडलं की वाफेचा लोट अंगावर येतो, तिथे वेंडेल स्टँबॉचं टेबल. गेली एकोणीस वर्षं तिथेच.

काळ्या मखमलीवर तो तीस-चाळीस नाणी मांडायचा आणि पुढे स्वतःच्या हाताने लिहिलेली पाटी ठेवायचा: 'तीन सेंट. बाकी काही नाही.'

आता निकेलचं तीन सेंटचं नाणं म्हणजे काय, हे इथे पेन्सिल्वेनियातही निम्म्या लोकांना ठाऊक नाही, तर इतरांचं काय घेऊन बसायचं! यादवी युद्धात लोकांनी चांदी गाद्यांखाली दडवली, सुटे मिळेनासे झाले, तेव्हा सरकारने हे पोरकं बाळ जन्माला घातलं. टपालाचं तिकीट तेव्हा तीन सेंटला होतं. एका बाजूला मुकुटवाली बाई, दुसऱ्या बाजूला पानांच्या कड्यात तीन उभे खांब, म्हणजे रोमन आकड्यातले तीन. १८६५ ते १८८९, पंचवीस सालं ते निघालं. मधेच तिकीट दोन सेंटला झालं आणि नाण्याचं कामच संपलं. शिवाय दहा सेंटच्या नाण्याशी त्याचा आकार जवळजवळ जुळतो, म्हणून दुकानदार शिव्या घालायचे ते वेगळंच. बंद झालं तेव्हा कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आजही जमवणारे लोक त्याच्यावरून नजर फिरवतात आणि पुढच्या टेबलाकडे जातात.

वेंडेलच्या शेजारी क्लीट यिंगलिंगचं टेबल. हा पेन्या विकायचा, झुपकेदार मिशांचा आणि तोंडाने फाटका.

"वेंडेल, आज एक जरी खपलं ना, तर ही मिशी उतरवीन."

"राहू दे मिशी. तेवढीच एक गोष्ट बरी आहे तुझ्या तोंडावर."

"अरे, टेबलाचं भाडं तरी सुटतं का तुझं? घरी बस, रेडिओ ऐक."

"घरी कोण येणार?" वेंडेल म्हणाला.

चेष्टा करता करता आपण नको तिथे बोट ठेवलं, हे क्लीटला कळलं. कारण वेंडेल नाणी विकायला बसत नाही, हे आमच्या नाणेवाल्यांच्या क्लबात सगळ्यांना माहीत होतं. तो बसायचा ते आयडेलाने आपल्याला शोधत यावं म्हणून. कुठल्याही गावच्या मेळ्यात जाऊन तिने विचारलं असतं की तीन सेंटवाला कोण, तर लोकांनी एकच नाव सांगितलं असतं. तेवढ्यासाठी हा खटाटोप.

आयडेला त्याची बायको. तेवीस वर्षं दोघं एका घरात राहिली. तो बुटांच्या कारखान्यात चामडं कापायचा, ती वरच्या मजल्यावर शिवणाच्या मशीनवर. मूलबाळ झालं नाही. शनिवारी दोघं गाडी काढून शेतकऱ्यांच्या घरी होणाऱ्या लिलावांना जायची. गाडी ती चालवायची, कारण वेंडेलचं डोकं किमतींच्या यादीत असायचं. लिलावात तो शहाण्यासारखा तज्ज्ञांच्या घोळक्यात उभा राहायचा आणि ती जायची सरळ बटणांच्या बरण्यांकडे. जुन्या बायका बटणांच्या बरणीत काय काय टाकून ठेवतात, हे तिला माहीत होतं. पन्नास सेंटला बरणी घ्यायची, गाडीच्या टपावर फडकं पसरून ओतायची आणि बोटांनी चाळायची. अर्धी नाणी तिने अशीच मिळवली. १८७१चं तर तिचंच, एका हाडाच्या बटणाला चिकटलेलं.

वेंडेल मग रात्रभर ते भिंगाखाली घेऊन बसायचा. वाईट माणूस नव्हता तो. दारू नाही, हात उचलणं नाही, पगार सगळा घरात. पण त्याचं लक्ष म्हणजे एक अरुंद नळी होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कायम नाणं असायचं. बायकोने विचारलं, "ऐकतोयस ना?" की तो "हो" म्हणायचा. तो "हो" मी स्वतः त्यांच्या स्वयंपाकघरात बसून ऐकलाय. भिंतीने दिला असता तर जास्त जीव ओतून दिला असता.

१९६९च्या हिवाळ्यात आयडेलाची आई गेली. सोपस्कार उरकून घरी आल्यावर तिने कमरेपर्यंतची वेणी कानापाशी कापून टाकली. अकरा दिवस वेंडेलला पत्ता नाही. बाराव्या दिवशी चर्चमधल्या जेवणात कुणी बाई म्हणाली, "आयडेला, केस काय छान दिसतायत!" तेव्हा हा चमच्यासकट वळला आणि म्हणाला, "कधी कापलेस?"

भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं होतं. त्या रात्री तिने जेवणाच्या टेबलावर नाण्यांचा पुठ्ठा उघडला, पंचवीस सालांची पंचवीस भोकं असलेला, आणि वाटणी केली. सम सालं त्याला, विषम सालं स्वतःला. १८७७चं नाणं त्यांना कधीच परवडलं नव्हतं. त्या साली फक्त पाचशेच्या आसपास निघाली होती आणि तीही हौशी लोकांसाठी. तेव्हा तिच्या वाट्याला आली बारा नाणी आणि एक रिकामं भोक.

"पण असं कसं? संचच फुटेल की!" वेंडेल म्हणाला.

"फुटू दे," ती म्हणाली. "मी गेलेली तुझ्या लक्षात येईल की नाही, मला माहीत नाही. ही नाणी गेलेली तरी लक्षात येईल."

सकाळी ती बहिणीकडे ईरीला गेली. पुढे तिथूनही हलली. नाताळचं कार्ड पत्ता बदलल्याचा शिक्का घेऊन परत आलं. पुढच्या वर्षीचंही परत आलं. वेंडेलने तिसरं लिहिलं, पण टाकलं नाही.

आता कुणीही म्हणेल, विषम सालं काय, बाजारात मिळतात. १८७१च्या नाण्याला असे किती पैसे पडणार? क्लीटने तर एकदा वाढदिवसाला ते पाकिटात घालून आणलं होतं. वेंडेलने पाकीट न उघडता परत दिलं. "आभारी आहे, पण तिथे दुसरं नाही बसणार," म्हणाला. त्याचा पुठ्ठा तसाच अर्धा राहिला, एक भोक भरलेलं आणि एक मोकळं. मोकळ्या भोकांवरून तो कधीकधी अंगठा फिरवायचा. आयडेलाला एकदा समोर बसवायचं, चुकलो म्हणायचं, एवढंच त्याला हवं होतं. पुढचं तिच्या मर्जीवर.

तर या १९८८च्या मेळ्याची गोष्ट. साडेअकराची वेळ. सूप तयार झाल्याची घंटा वाजली होती, हॉलमध्ये ही गर्दी, आणि कुणाचा तरी रेडिओ बेसबॉलच्या नावाने ओरडत होता. वेंडेल खाली मान घालून एका मुलाखातर काढलेलं नाणं परत जागेवर लावत होता. तेवढ्यात त्याच्या मखमलीवर एक हात आला आणि एक नाणं ठेवून गेला.

"याचं काय येईल?" बाईचा आवाज. घोगरा, सर्दी झाल्यासारखा.

"बघतो हं," वेंडेल म्हणाला आणि सवयीने भिंग डोळ्याला लावलं.

१८७१. बरं. झीज बेताची. मग त्याने नाणं उजेडाकडे कलवलं आणि मुकुटवाल्या बाईच्या गालावर तीन फिक्या उभ्या रेघा दिसल्या. टाकसाळीत कधीकधी मधे नाणं नसताना दोन्ही ठसे एकमेकांवर आपटतात आणि पाठीमागचं चित्र पुढच्या ठशावर हलकं उमटून बसतं. मग त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ती सावली येते. ते खांब होते. त्याने नाणं फिरवलं. तारखेतल्या आठाच्या खाली, कडेला, खोच. मानेमागे खसखशीच्या दाण्याएवढा तपकिरी डाग.

भिंग त्याने आणखी घट्ट डोळ्यात दाबलं. वेंडेलला जेव्हा जेव्हा काही सोसवत नसे, तेव्हा तो भिंगात शिरायचा. लग्नाच्या दिवशीसुद्धा शिरला असता, पण पाद्र्यासमोर ते शोभलं नसतं.

"हे कुठून मिळालं तुम्हाला, बाई?"

"एकीकडे होतं."

"कुणाकडे?" आयडेलाने विकलं? की तिच्या मागे घर रिकामं करताना कुणी विकलं? घरं रिकामी होतात, बरण्या ओतल्या जातात, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! "ती... आहे ना? म्हणजे, जिवंत आहे ना?"

"आहे."

"बरी आहे?"

मागे झुलतं दार उघडलं, वाफ आली, कुणीतरी "मक्याच्या पावाचे अजून दोन ट्रे!" म्हणून ओरडलं.

"आहे तशी," आवाज म्हणाला. "एकटीच असते."

"कुठे?"

"फार लांब नाही."

वेंडेलच्या डोळ्यांत पाणी आलं आणि भिंगातलं नाणं विरघळलं. त्याने बाहीने काच पुसली आणि परत लावली. आणि मग त्याच्या मनात ती शंका आली, जी फक्त आमच्या नाणी जमवणाऱ्या जातीच्या माणसाच्याच मनात अशा वेळी येऊ शकते. हे दुसरंच असलं तर? एकाच ठशातून शेकडो नाणी निघतात, सगळ्यांच्या गालावर त्याच रेघा. मागे दोनदा तो असाच फसला होता. एकदा हॅरिसबर्गच्या मेळ्यात, एकदा यॉर्कच्या. दोन्ही वेळा काळीज तोंडाशी आलं होतं आणि दोन्ही वेळा खोच भलत्याच ठिकाणी निघाली होती. मानेमागचा डाग नेमका कानाच्या रेषेत होता की खाली? खात्री करायला हवी. खात्री न करता बोलणारा माणूस नाणी जमवत नाही, बटणं जमवतो.

"थांबा, बाई. जाऊ नका, कृपा करून. माझ्याकडे याची नोंद आहे. एक मिनिटात ताडून बघतो."

"ताडून बघायचंय?"

"हो. मग मला तुम्हाला बरंच काही विचारायचं आहे."

"बघ ताडून," आवाज म्हणाला.

वेंडेल खाली वाकला. टेबलाखाली पत्र्याची पेटी, पेटीला कुलूप, किल्ली कोटाच्या आतल्या खिशात, कोट खुर्चीच्या पाठीवर. पेटीत सम सालांचा पुठ्ठा आणि त्याखाली वही. वहीत पंचवीसपैकी चोवीस नाण्यांची अंगखूण लिहिलेली. गुडघ्यांवर बसूनच त्याने पान काढलं: '१८७१. गालावर तीन रेघा, मधली लांब. आठाखाली खोच, तिरकी. मानेमागे डाग, कानाच्या किंचित खाली.' त्याने मुठीतलं नाणं काढून तिथेच, टेबलाच्या सावलीत, भिंगाखाली धरलं. मधली लांब. खोच तिरकी. डाग किंचित खाली.

तेच होतं.

टेबलाची कड धरून तो उठला. "बाई, हे माझ्या..." म्हणाला.

समोर कुणी नव्हतं. एक जाडा गृहस्थ कागदी वाटीतलं सूप फुंकत चालला होता.

"क्लीट! इथे आत्ता एक बाई होती. कुठे गेली?"

क्लीट त्याच्याकडे बघत बसला होता. नेहमीचं मिश्कील तोंड नव्हतं. असा चेहरा मी त्याचा फक्त त्याच्या भावाच्या दफनाला पाहिला होता.

"कुठली बाई?" क्लीट म्हणाला.

"अरे, आत्ता! हे नाणं घेऊन आलेली. हे आयडेलाचं आहे, क्लीट. वहीत बघितलं मी. पक्कं तिचंच आहे. त्या बाईला तिचा पत्ता माहीत आहे!"

"असं? मग दिसायला कशी होती ती बाई?"

"कशी म्हणजे... बाई. वयस्क असावी. आवाज बसलेला होता."

"कोटाचा रंग?"

वेंडेल गर्दीकडे बघायला लागला.

"चष्मा होता? उंच होती का बुटकी?"

"मी नाणं बघत होतो ना!"

"हो," क्लीट म्हणाला. "ते मी बघत होतो." त्याने आपल्या पेन्यांवर कापड ओढलं, काही कारण नसताना. "वेंडेल, आयडेला होती ती."

हॉलमधला गोंगाट तसाच चालू होता. वेंडेलला मात्र तो ऐकू येईनासा झाला.

"ती आधी माझ्यापाशी आली," क्लीट सांगू लागला. "मी लगेच ओळखलं. तोंड उघडणार, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. म्हणाली, गळ्याचं ऑपरेशन झालंय, आवाजावरून तो ओळखणार नाही. आणि काही सांगू नकोस, त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं तरी मी इथे खुर्ची घेऊन बसेन. मी म्हटलं, अगं, एकोणीस वर्षं वाट बघतोय तो तुझी. ती म्हणाली, मला ठाऊक आहे, म्हणून तर देशाच्या दुसऱ्या टोकाहून, ऑरेगनहून आले." क्लीटचा आवाज चिरकला आणि म्हणून तो जास्तच ओरडला. "तीन मिनिटं उभी होती, गाढवा! तीन मिनिटं तुझ्या नाकासमोर! मी इथून मनातल्या मनात बोंबलत होतो, मान वर कर, मान वर कर! तू काय केलंस? टेबलाखाली गेलास!"

"मी खात्री करत होतो," वेंडेल म्हणाला. त्याचं त्यालाच ते ऐकवेना.

"केलीस ना? झाली खात्री?"

वेंडेलने मुठीतल्या नाण्याकडे पाहिलं. त्याच्या गालावरच्या रेघा, त्यातली मधली लांब, हे तो झोपेत सांगू शकला असता. तेवीस वर्षं जिच्याबरोबर एका टेबलावर जेवला, तिच्या गालावर काय होतं? डोळे करडे होते की निळे? नाकाशी एक तीळ होता, तो डावीकडे की उजवीकडे? त्याने आठवायचा जिवापाड प्रयत्न केला. आठवत होते ते तिचे हात, बटणं चाळणारे, कारण नाणी त्या हातांतून यायची. चेहरा येईना. एवढी वर्षं तो जिच्यासाठी झुरत होता तिला त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं, हे त्याला तिथे, सुपाच्या वासात उभं असताना कळलं आणि त्याला स्वतःची अशी किळस आली की त्याने खुर्चीची पाठ धरली.

"कुठल्या दाराने गेली?"

"पुढच्या."

"कोटाचा रंग सांग, क्लीट. एवढं तरी सांग."

"नाही सांगणार," क्लीट म्हणाला. "जा आणि बघ."

उघडं टेबल सोडून जायचं नाही, हा मेळ्यातला पहिला नियम. वेंडेलने पेटी उघडी टाकली, पुठ्ठा खुर्चीवर टाकला, ते १८७१चं नाणं मखमलीवर इतरांत कुठेतरी टाकलं आणि गर्दीत घुसला. चांदीवाल्यांना कोपराने ढकलत तो दाराबाहेर आला.

बाहेर लख्ख ऊन होतं. दोन्ही लाल बंब उभे होते आणि त्यांच्यामधून माणसांची ये-जा चालू होती. रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये आज गोधड्यांचं प्रदर्शन होतं, त्यासाठी शेजारच्या गावांहून दोन बस भरून बायका आल्या होत्या. साठीच्या, सत्तरीच्या, पिकल्या केसांच्या, एप्रिलचे हलके कोट घातलेल्या, हातात पर्स आणि कागदी पिशव्या. काही जिन्यावर, काही बसच्या रांगेत, काही नुसत्याच उन्हात गप्पा मारत. साठ तरी असतील. त्यांतली कोणतीही आयडेला असू शकली असती.

"आयडेला!" त्याने हाक मारली. आवाज मधेच फुटला. चार-पाच जणींनी वळून पाहिलं आणि कुणीच पुढे आली नाही.

मग तो जवळच्या बाईपाशी गेला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. गोल चेहरा, निळे डोळे, हनुवटीवर खळी. ही नाही, त्याला पाहून ओळखीचं काहीच हललं नाही तिच्यात. "माफ करा," म्हणून तो पुढच्या बाईकडे वळला. ती लांब नाकाची होती, डोळ्यांभोवती हसून हसून पडलेल्या सुरकुत्या. ही पण नाही. तिसरी. चौथी. इतके चेहरे त्याने आयुष्यात मिळून पाहिले नव्हते. प्रत्येकीच्या तोंडावर केवढं काय काय लिहिलेलं होतं.

पाचवी बाई त्याच्या अशा बघण्याने गडबडली, पण भली होती. "काय हो, बरं वाटत नाहीये का? कुणाला शोधताय?"

"माझ्या बायकोला."

"हरवल्या होय! मी पण बघते की. दिसायला कशा आहेत?"

वेंडेलने तोंड उघडलं. सत्तर वर्षांचा तो माणूस भर रस्त्यात लहान मुलासारखा रडायला लागला. त्या बाईने त्याचा दंड धरला. पलीकडे पहिल्या बसच्या ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. वेंडेलने बाहीने डोळे पुसले, तिचा हात सोडवला आणि बसच्या रांगेकडे धावत जाऊन पहिल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग दुसरीच्या, मग तिच्या मागे उभ्या असलेलीच्या.